बिडाच्या अंगावरची वेल

थंड देशांतल्या जुन्या घरांत खिडकीखाली उभा असलेला बिडाचा रेडिएटर ही मुळात नळकामाची वस्तू. तळघरातल्या बॉयलरमधून वाफ किंवा गरम पाणी येतं, पोकळ बिडातून फिरतं आणि खोली ऊबदार करून परत जातं. एवढ्या कामासाठी त्याच्या अंगावर पानं, फुलं, वेलांट्या हव्यात असं काही नाही. तरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या आल्या, आणि आज जुन्या मालाच्या बाजारात भाव खातो तो नक्षीदार रेडिएटरच. ही नक्षी चांगली की वाईट, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. जुनं आहे, म्हणजे सुंदर असणारच, असं गृहीत धरलं जातं.

सुरुवात अगदी साधी होती. सेंट पीटर्सबर्गमध्ये कारखाना चालवणाऱ्या फ्रांत्स सान गाली या प्रशियन उद्योजकाने 1850 च्या दशकात पहिला रेडिएटर केला असं सर्वसाधारणपणे मानतात. रशियातल्या समारा शहरात त्याच्या या शोधाचं स्मारकही आहे, आणि त्यावर एक मांजर सुस्तावलेलं आहे. अमेरिकेत जोसेफ नेसन आणि रॉबर्ट ब्रिग्ज यांनी 1863 च्या सुमारास बिडाच्या बैठकीवर लोखंडी नळ्या उभ्या केल्या. 1870 च्या दशकात नेल्सन बंडीचा ‘बंडी लूप’ हा रेडिएटर आला आणि खपला. पण खरी कलाटणी मिळाली ती एकसारखे सेक्शन, म्हणजे सुटे पोकळ भाग, ओतून ते शेजारी शेजारी जोडायला लागल्यावर. लहान खोलीला चार सेक्शन, दिवाणखान्याला पंधरा. मालही उष्णता देणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस फुटांवर मोजून विकला जाई. 1892 मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी झाली आणि तिचे नमुने अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोचले.

एवढी नक्षी परवडायची कशी? उत्तर ओतकामात आहे. कारागीर लाकडात पॅटर्न कोरणार तो एकदाच. त्यावरून वाळूचा साचा घ्यायचा, आतल्या पोकळीसाठी कोअर ठेवायचा आणि बीड ओतायचं. मग हजाराव्या सेक्शनवरची वेल जवळजवळ फुकट. मात्र वाळूतून पॅटर्न सुखरूप बाहेर यायला हवा, म्हणून त्याच्या कडांना उतार द्यावा लागतो आणि आत वळलेला, अडकणारा आकार चालत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतल्या पॅटर्नमेकरला हे सांगायला नको. या कलेतला उठाव उथळ राहिला, पानं अंगाला चिकटून राहिली, याचं कारण रुचीपेक्षा वाळू हेच अधिक.

दुसरं बंधन अधिक गमतीचं आहे, आणि माझ्या मते इथेच कसबी आणि सुमार नमुने वेगळे होतात. सेक्शन भिंतीशी काटकोनात उभे असतात. समोरून दिसते ती त्यांच्या अरुंद कडांची रांग. रुंद बाजू दिसते फक्त दोन्ही टोकांना, बाकीची शेजाऱ्याच्या आड दडते. तरी कित्येक नमुन्यांत सगळी मेहनत या रुंद बाजूवर खर्ची पडली आहे. सुटा सेक्शन हातात घेऊन पाहिला तर देखणा, रांगेत उभा केला की मुका. याउलट ज्याने कडेवरची एकच वळणदार रेघ नीट साधली, तिचे पंधरा पट झाले की डोळ्यांसमोर लय उभी राहते. ‘रोकोको’ नावाने गाजलेल्या नमुन्यातली लपेट कडेवरूनही वाचता येते, म्हणून ती टिकते. त्या नावातला फ्रेंच दरबारी थाट हा मात्र विक्रेत्याचा मसाला.

सगळ्यांत उमदं काम मला जेवणघरातल्या रेडिएटरांत दिसतं. मध्ये दारं असलेलं कपाट, त्यात ताटल्या गरम ठेवायच्या. इथे नक्षीला चौकट मिळाली, दारांना बिजागऱ्या आणि त्या सगळ्याला कारण.

ओहोटीही लवकर लागली. नक्षीच्या खाचांत धूळ बसते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आरोग्याच्या नव्या जाणिवेला ती खुपू लागली. इस्पितळांसाठी गुळगुळीत रेडिएटर निघाले, काही तर मागची भिंत पुसता यावी म्हणून बिजागरीवर फिरणारे. पुढे सडपातळ, साध्या नळ्यांचे नमुने आले. 1924 मध्ये वास्तुविशारद रेमंड हूडने न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन रेडिएटर कंपनीसाठी काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची इमारत उभारली, तेव्हा दागिना रेडिएटरच्या अंगावरून उतरून कचेरीच्या डोक्यावर चढला होता. पुढच्या काही वर्षांत तिकडे व्हिएन्नात तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन बहिणीच्या घरासाठी कोपऱ्यात बसणारे रेडिएटर आखत होता. नक्षी शून्य, मापांचा हट्ट टोकाचा. वेलीशिवायही रेडिएटर पाहण्याजोगा होतो, हे त्याने दाखवलं.

आणि आज? ब्रिटनमध्ये शाळा, चर्च पाडताना निघालेले रेडिएटर भंगारातून सोडवून, दाबाची चाचणी घेऊन, घासूनपुसून विकणारा धंदा जोमात आहे. जुन्या रंगात शिसं असण्याचा धोका असतो, म्हणून हे काम घरी करण्याचं नाही. ही दुरुस्ती मला आदराची वाटते. प्रतिकृतींबद्दल तसं म्हणवत नाही. बऱ्याच नव्या ओतीव मालात पानांच्या कडा बोथट आहेत, शिरा विरलेल्या आहेत. वर धातू चकचकीत करून देण्याची फॅशन. आता चकाकता धातू उष्णता कमी विकिरित करतो. साधा, धातूचूर्ण नसलेला रंग त्याहून बरा. आतले थर कितीही असोत, या बाबतीत हिशेब बहुतांशी सगळ्यात बाहेरच्या थराचा. अर्थात जुन्या काळीही सोनेरी, रुपेरी चूर्णाचे रंग फासत होतेच, तेव्हा आजोबांनाही निर्दोष म्हणता येणार नाही.

अडचण आहे ती नव्या कल्पनांच्या दुष्काळाची. वाळूचा साचा आता पॅटर्नशिवाय थेट छापता येतो, त्यामुळे उताराचं बंधन बरंच सैल झालं आहे. हीट पंपावर चालणाऱ्या घरांत पाणी कमी तापमानाचं असतं, त्याला मोठा पृष्ठभाग लागतो; म्हणजे खोलीत ठसठशीत वस्तू उभी करायला तांत्रिक निमित्तही आहे. पण प्रतिकृतींचे कॅटलॉग उघडावेत तर तीच 1900 च्या आसपासची वेल, तीच वळणं, फरक फक्त रंगांच्या यादीत.