टिळकांचे दान आणि लक्ष्मीबाईंची चूल

गेली कित्येक वर्षे उपवासकाळातील प्रवचनांत मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण देत आलो आहे. त्याला कारणही जवळचेच आहे. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून टिळक साताऱ्यास आले आणि येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असा तो संघ होता. पंचावन्न वर्षांच्या माणसाने निश्चित उत्पन्नाचा आधार सोडून देवाच्या भरवशावर नव्या गावी बिऱ्हाड करावे, याहून निःस्वार्थ जीवनाचा दाखला तो कोणता? सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना हा दाखला आपल्या मातीतला वाटतो आणि प्रवचनकाराचे काम सोपे होते.

अशाच एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक वयस्क बाई दाराशी थांबल्या. त्या म्हणाल्या, “फादर, टिळकांनी सगळे दिले हे खरे. पण त्या दिवशी त्यांच्या घरात काय शिजले, ते तुम्ही कधी सांगत नाही.” बाईंनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली होती. मीही वाचली होती. परंतु टिळक शोधण्यासाठी वाचली होती. बाईंच्या प्रश्नामुळे ती लक्ष्मीबाईंसाठी पुन्हा वाचावी लागली. त्या वाचनातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लेखिका शाळेत गेलेली नव्हती. अक्षरओळख पतीने करून दिली. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी तो इंग्रजीत नेला. त्याच्या विनोदाचे आणि बोलक्या भाषेचे कौतुक समीक्षकांनी भरपूर केले आहे. मात्र ख्रिस्ती वाचकाने त्यात जे प्रथम पाहावे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. धर्माची किंमत घरातील कोण चुकविते, हा प्रश्न या पुस्तकाच्या पहिल्या पानांपासून सुरू होतो.

प्रारंभीच लक्ष्मीबाई आपल्या वडिलांचे सोवळे वर्णितात. बाजारातून येणारी वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. व्रत वडिलांचे, पाणी ओढणे, धुणे, वाळविणे आणि वर बोलणी खाणे मात्र आईच्या वाट्याला. पुढे विवाह होतो आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला अगदी उलट्या प्रकृतीचा पुरुष येतो. टिळकांना सोवळे नको, संग्रह नको, उद्याची चिंता नको. हातात आलेला पैसा समोर आलेल्या गरजवंताला देऊन टाकावा, मनाला पटली नाही ती नोकरी सोडावी, लहर आली की घराबाहेर पडावे. एकाचा धर्म कशालाही स्पर्श होऊ न देणारा, दुसऱ्याचा धर्म सर्वांना कवेत घेणारा. तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाहिले, तर दोन्ही घरांत एक गोष्ट सारखीच आहे. निर्णय एकाचा आणि श्रम दुसरीचे. लेखिका ही तुलना शब्दांत मांडीत नाही. ती केवळ एका घरामागून दुसरे घर दाखविते. या ग्रंथाची खरी ताकद मला या मांडणीत दिसते.

याचा सर्वांत तीव्र प्रसंग १८९५ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने तो ख्रिस्ताच्या हाकेला दिलेला प्रतिसाद होता आणि आपणही तो तसाच मानतो. पण त्या दिवसापासून लक्ष्मीबाई पती जिवंत असताना पतीविना झाल्या. लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने त्यांनी जी वर्षे काढली, ती आपल्या प्रवचनांत एका वाक्यात उरकली जातात. पुस्तकात मात्र ती वर्षे शोकाची, लोकांच्या बोलण्याची आणि प्रत्यक्ष आजारपणाची आहेत. जो क्रूस एकाने स्वेच्छेने उचलला, त्याचे दुसरे टोक न विचारता दुसऱ्या खांद्यावर पडले होते.

येथे कोणी म्हणेल की प्रभूनेच घरदार सोडण्यास सांगितले आहे. होय, आणि त्याच प्रभूचे संत मार्कच्या सातव्या अध्यायातील शब्दही आपण वाचले पाहिजेत. आईबापांच्या वाट्याचे धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण झाले, असे जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत फटकारले. देवाला दिलेले दानसुद्धा दुसऱ्याच्या हक्कातून दिलेले असेल, तर ते त्याला मान्य नाही. बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन टोल्यांवर आपण सर्वच बोलतो. पण त्याच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळंकृत करून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे, हे सोयीने विसरतो. त्या विधवेचे दान मोठे ठरले, कारण ते तिचे स्वतःचे होते. तिने स्वतःच्या उपजीविकेतून दिले, दुसऱ्या कोणाच्या ताटातून नव्हे. संत पौलाच्या नावाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही, जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे बजावले आहे.

याचा अर्थ टिळक ढोंगी होते, असा मुळीच नाही. शास्त्र्यांनी विधवांचे घेतले ते स्वतःसाठी. टिळकांनी स्वतःसाठी काहीच ठेवले नाही. त्यांची चूक असलीच, तर ती प्रेमाच्या अपुरेपणाची नव्हे, दृष्टीच्या अपुरेपणाची होती. दूरचा भुकेला त्यांना लगेच दिसे. शेजारी बसलेली थकलेली व्यक्ती दिसण्यास वेळ लागे. आपल्यापैकी किती सेवाभावी पुरुषांविषयी, आणि किती धर्मगुरूंविषयीही, हे खरे आहे! धर्मगुरूला पत्नी नसते. पण त्याचा स्वयंपाकी असतो, सॅक्रिस्टन असतो, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री जागणाऱ्या सोडालिटीच्या भगिनी असतात.

लक्ष्मीबाईंना केवळ सोसणारी स्त्री मानणे हाही त्यांच्यावर अन्याय ठरेल. त्यांचा ख्रिस्ताकडील प्रवास पतीच्या आज्ञेने झाला नाही. जातिभेद मनुष्यानेच निर्माण केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले. आणि उमगल्यावर, बाप्तिस्म्याच्या आधीच, त्यांनी तो व्यवहारातूनही काढून टाकला. ज्या मुलीने बालपणी सोवळ्याचे ते राज्य पाहिले, तिने सर्वांच्या हातचे खाणे पिणे स्वीकारावे, हे धर्मांतरापूर्वीचे खरे मनपरिवर्तन होते. पुढे निराधार मुलांना त्यांनी पदराखाली घेतले. टिळक दान करीत तेव्हा पैसा देत. लक्ष्मीबाई दान करीत तेव्हा दिवस देत, रात्री देत. टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले. टिळकांचे अध्याय दहाच्या आसपास. लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक लिहिले. ज्या खांद्यावर न विचारता ओझे पडले होते, त्याच खांद्याने शेवटी ते स्वखुशीने पुढे नेले. मला हे या जीवनकथेतील सर्वांत मोठे दान वाटते.

ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका प्रसन्न आहे की वाचक हसून पुढे जातो. भोळ्या, विसराळू, उधळ्या संताची गोड गोष्ट म्हणून आपण टिळकांचे प्रसंग सांगतो, आणि लेखिकेचे हसू आपल्याला कठीण प्रश्नापासून सोडवून नेते. ते हसू क्षमेचे आहे. पण क्षमा करण्याजोगे काही घडले होते, म्हणूनच क्षमा करावी लागली. ज्याने क्षमा मागायची, त्याने त्या हसण्याचा आडोसा घेऊ नये.

टिळक आणि लक्ष्मीबाई आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्यविषयक आदेश जाहीर केला आणि विभक्त बंधुभगिनींमधील ख्रिस्ताची देणगी आनंदाने ओळखण्यास आपल्याला शिकविले. त्याच दिवशी जाहीर झालेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा असे म्हटले आहे. या दोन शिकवणी एकत्र ठेवून ‘स्मृतिचित्रे’ वाचावी. घर हीच ख्रिस्तसभा असेल, तर घरातील चूल ही तिची वेदीच आहे. आणि त्या वेदीवर दुसऱ्या कोणाचा बळी देऊन आपले पुण्य साधत नाही.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. अशा दिवसांत आपल्यातील चांगुलपणा उफाळून येतो आणि त्याबद्दल देवाचे आभारच मानावेत. पण मदतीच्या गाडीबरोबर जाणाऱ्याचे नाव सर्वांना कळते. पहाटे उठून त्या गाडीसाठी भाकरी थापणारीचे नाव कोणी विचारीत नाही. पूर ओसरतो. मग घरातील अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा, मतिमंद मुलाला भरविणे, व्यसनी भावाला सांभाळणे, ही न ओसरणारी सेवा मागे राहते. ती बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला आलेली असते, आणि तिला कोणी सेवा म्हणतही नाही.

सारफथच्या विधवेची कथा आठवावी. मूठभर पिठाची भाकर एलियाने आधी आपल्यासाठी मागितली, हे ऐकून मन चरकते. परंतु भाकर खाऊन संदेष्टा निघून गेला नाही. तो त्या घरी राहिला. तिचे पीठ सरले नाही. आणि तिचा मुलगा गेला, तेव्हा त्याच्यासाठी देवाशी भांडला. मागणाऱ्याने त्या घराचे दुःख आपले मानले. विश्वासाने केलेल्या त्यागाची हीच कसोटी मला सुचते.

म्हणून कुटुंबप्रमुखांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी धर्मग्रामाच्या कामासाठी वेळ, पैसा किंवा घरचे जेवण देऊ करण्यापूर्वी घरात विचारावे, आणि जे उत्तर येईल ते ऐकावे. दोघांनी मिळून दिलेले थोडे, एकाने परस्पर दिलेल्या पुष्कळापेक्षा प्रभूला अधिक प्रिय असेल. टिळकांचे उदाहरण मी यापुढेही देणार आहे. मात्र त्या दिवशी घरात काय शिजले, तेही सांगणार आहे. दाराशी थांबलेल्या त्या बाईंचे माझ्यावर तेवढे ऋण आहे.