शंभर वर्षांनंतरचं एक कोटी

मागच्या व्याख्यानात आपण स्टर्न अहवालाच्या शिफारशी पाहिल्या. आज त्याच्या मुळाशी असलेला एकच आकडा तपासू या: भविष्यावर लावलेला वटाव.

बघा, शंभर वर्षांनी होणारं एक कोटीचं नुकसान आज कितीचं धरायचं? २००६ साली निकोलस स्टर्न यांनी वर्षाला सुमारे १.४ टक्के वटाव धरला. त्या हिशेबाने उत्तर येतं साधारण २५ लाख. विल्यम नॉर्डहाउस म्हणाले, दर बाजारातल्या परताव्यावरून घ्या, म्हणजे साधारण ५.५ टक्के. मग तेच नुकसान उरतं ४७ हजारांचं! पूर तोच, बुडणारं गावही तेच.

नॉर्डहाउस यांचं म्हणणं आम्हाला पटत नाही, कारण न जन्मलेली माणसं बाजारात बोली लावत नाहीत. पण स्टर्नही पूर्ण सुटत नाहीत. त्यांच्या १.४ मध्ये निव्वळ काळाचा वटाव फक्त ०.१, तोही मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी. उरलेले १.३ कशाचे? पुढच्या पिढ्या आपल्याहून श्रीमंत असतील, या गृहीतकाचे. सरासरीने असतीलही. पण ज्याच्या शेतात खारं पाणी शिरलंय, तो सुंदरबनातला शेतकरी म्हणजे सरासरी नव्हे. त्याच्या नातवाच्या नुकसानीलाही हाच वटाव का? अहवाल ही विषमता ओळखतो, पण त्याची मुख्य आकडेमोड जगाच्या सरासरीवरच चालते.

तरी हा प्रश्न नीतीचा आहे, हे स्टर्न यांनी उघड मांडलं. पुढे असा कुठलाही अहवाल हाती आला, तर निष्कर्षाआधी आपण त्यातला दर शोधू या.