काढलं म्हणे! पण का?

मंडळी, आपल्या श्रीपुरात गटातला चिटबॉय बदलला तरी संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर तीन कारणं तयार असतात. त्यानं कुणाचं तरी ऐकलं नाही, हे पहिलं. कुणाचं तरी जास्तच ऐकलं, हे दुसरं. आणि तिसरं, ‘वरून फोन आला’. माणूस लोकांचा लाडका असेल तर पहिलं कारण जिंकतं, नावडता असेल तर दुसरं. तिसरं दोन्हीकडे चालतं! ही कारणं खोटीच असतात, असं आमचं म्हणणं नाही. ती फार लवकर पुरेशी वाटतात, एवढीच आमची तक्रार आहे.

आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं उदाहरण तुकाराम मुंढे यांचं. २०१६ पर्यंत ते सोलापूरचे जिल्हाधिकारी होते. मे २०१६ मध्ये नवी मुंबईला आयुक्त म्हणून गेले. मार्च २०१७ मध्ये पुण्याच्या पीएमपीएमएलमध्ये आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नाशिकला. नोव्हेंबरात तिथूनही हलवलं. जानेवारी २०२० मध्ये नागपूर, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा बदली. आता बदली म्हणजे बडतर्फी नव्हे. पगार चालू, सेवा चालू. पण लोकांच्या तोंडी शब्द एकच: ‘काढलं’. आणि कारणही एकच: ‘प्रामाणिक माणूस नको होता.’

हे वाक्य आम्हीही बोललो आहोत. पण बघा, जे कारण चारही शहरांना सारखंच लागू पडतं, ते एकाही शहराबद्दल काही सांगत नाही. नवी मुंबईत २५ ऑक्टोबर २०१६ ला महासभेनं त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. सरकारनं त्या वेळी त्यांना हलवलं नाही; बदली झाली ती पुढच्या मार्चमध्ये. म्हणजे इथं भांडण उघड होतं, मतं मोजलेली होती. ते १०४ जणही लोकांनीच निवडून दिलेले. त्यांच्यापैकी प्रत्येकाला विचारता आलं असतं, ‘बाबा, तुमचा आक्षेप नेमका कशाला?’ पण तर्क करणाराला एवढं थांबायला वेळ नसतो. त्याला नायक मिळाला, खलनायक मिळाला, गोष्ट पुरी झाली.

चुकीच्या माणसावर काठी बसते ती अशीच. याचं उदाहरण लांबचं आहे, पण शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत रेडिट नावाचं संकेतस्थळ आहे. लोकच तिथं लिहितात, लोकच बिनपगारी व्यवस्था बघतात. व्हिक्टोरिया टेलर ही तिथली लाडकी कर्मचारी. नामवंत पाहुण्यांना बोलावून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसवायचं काम ती बघायची. २ जुलै २०१५ ला तिला काढलं. कारण जाहीर झालं नाही. व्यवस्था बघणाऱ्यांनी एकामागून एक विभाग बंद ठेवले, आणि राग गेला हंगामी प्रमुख एलेन पाओ यांच्यावर. त्यांना हटवा म्हणून दोन लाखांवर सह्या झाल्या, शिवीगाळही झाली. १० जुलैला त्या पायउतार झाल्या. आणि दोनच दिवसांनी कंपनीचे माजी प्रमुख यिशान वाँग यांनी लिहिलं, की टेलर यांना काढण्याचा निर्णय पाओंचा नव्हताच, तो सहसंस्थापक ॲलेक्सिस ओहानियन यांचा होता. साप म्हणून भुई धोपटली, म्हणतात ती ही अशी.

गंमत म्हणजे व्यवस्था बघणाऱ्यांची मूळ तक्रार अगदी साधी होती: ‘आम्हाला आधी सांगितलं नाही. तिचं काम आता कोण करणार?’ या प्रश्नाला कंपनीला उत्तर देता येत होतं. तर्कांच्या गदारोळात नेमका तोच प्रश्न मागं पडला.

कुणी म्हणेल, कारण सांगत नाहीत म्हणूनच लोक तर्क करतात ना? बरोबर. पहिला दोष गप्प बसणाऱ्यांचाच. खासगी कंपनीचं सोडा, सरकारला तर गप्प बसायची एवढी मोकळीकही नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा कार्यकाळ साधारणपणे ३ वर्षांचा. आधी हलवायचं तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं. नवी मुंबईत मुंढे वर्षभरही नव्हते, नागपुरात सात महिने. म्हणजे कारण टपरीवर शोधायचं नाही, फायलीत शोधायचं. माहितीचा अधिकार त्याच साली आला. अर्ज करा. माहिती नाकारली तर ती का नाकारली, हेही लेखीच द्यावं लागतं.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. तो माणूस आपल्याला आवडत होता, की त्याचं काम? काम आवडत असेल तर त्यानं लावलेली शिस्त त्याच्यामागं टिकली का, हे बघायला आपण त्या कार्यालयात पुन्हा गेलो का? बहुतेक वेळा नाही. आपण निरोपाला गर्दी करतो, घोषणा देतो, आणि नवा साहेब आला की त्याच्याबद्दल नवे तर्क सुरू करतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘काढलं’ असं ऐकलं, की तीनच गोष्टी विचारा. सही कुणाची? लेखी कारण काय? आणि त्याचं काम आता कुणाकडे? ही उत्तरं येईपर्यंत ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका. त्यानं चहा काही कडू होत नाही.