‘अस्तु’ : स्मृतिभ्रंश आणि उत्तराची भाषा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘अस्तु’ ह्या मराठी चित्रपटास २०१३ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोन सन्मान लाभले : संवादलेखनासाठी भावे ह्यांना आणि साहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष ह्यांना. ह्यांपैकी पहिला सन्मान विशेष विचारार्ह होय; कारण स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताला उत्तर कसे द्यावे, हा भाषेचाच प्रश्न ह्या कृतीच्या मुळाशी आहे.

चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे निवृत्त पंडित. अल्झायमर रोगाने ग्रासलेले शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे जातात व हरवतात. कन्या इरा (इरावती हर्षे) त्यांचा शोध घेते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना सांभाळते. ह्या रोगात विशेषनामे लवकर निसटतात, तर लहानपणी पाठ केलेले पुष्कळ काळ टिकते. म्हणूनच वर्तमानाचे भान सुटलेल्या शास्त्रींच्या मुखी संस्कृत वचने शाबूत आहेत. घरच्यांचा गैरसमज नेमका येथेच होतो. श्लोक आठवतो, मग पोटच्या मुलीचे नाव कसे आठवत नाही, असे वाटून रोगाला सोंग ठरविले जाते.

‘अस्तु’ हे ‘अस्’ धातूचे आज्ञार्थी तृतीयपुरुषी एकवचन. ‘असो’, ‘तसे होवो’ हा त्याचा अर्थ. चन्नम्माची बोली कानडी वळणाची आहे, शास्त्रींची विद्वत्ता तिला अपरिचित आहे. तरीही शास्त्रींना तिच्यात आई दिसते, तेव्हा ती हे नाते नाकारीत नाही. शब्दाची चूक न काढता त्यामागील गरजेला ‘अस्तु’ म्हणणे, ही तिची रीत होय.

तथापि हा स्वीकार चन्नम्मेला तुलनेने सोपा आहे. शास्त्रींशी तिचा भूतकाळ नाही व सहवास अल्प आहे. इरेचे तसे नाही. ‘मी तुमची मुलगी आहे’ ह्या वाक्यात माहिती थोडी आणि आर्जव फार असते. ते सोडून देणे म्हणजे आपले कन्यापणच सोडून देणे. शुश्रूषेचे खरे मोल ह्या दैनंदिन त्यागात आहे. चित्रपटाचे पारडे मात्र चन्नम्मेच्या निरागसतेकडे काहीसे अधिक झुकते.

दुसरा आक्षेप असा, की शास्त्रींची प्रतिष्ठा त्यांच्या पांडित्याच्या आधाराने उभी राहते. ज्याच्यापाशी पांडित्य नाही, त्याचे काय? शिरूर तालुक्यातील सणसवाडी हे गाव पुणे–नगर रस्त्यावर असून तेथे कारखानदारी वाढली आहे. समजा, अशा गावातील एक वृद्ध शेतकरी रात्री उठून म्हणतो, ‘दारं धरायला जायचंय.’ शेतावर केव्हाच कारखाना उभा राहिला आहे. ‘आबा, शेत कुठं राहिलंय आता?’ हे उत्तर सत्य आहे. पण ऐकणाऱ्याला ते दर वेळी नव्याने उजाड करते. ‘आबा, कोणत्या पिकाला पाणी द्यायचंय?’ असे सुनेने विचारले, तर ती खोटेही बोलत नाही आणि म्हाताऱ्याला बोलायला जागा मिळते. पाळी करून दमलेल्या घरात हे प्रत्येक रात्री साधेलच असे नाही. म्हणून हा भार एकट्या सुनेवर न टाकता घरातील सर्वांनी ही भाषा शिकली पाहिजे.

श्लोकाइतकीच पाण्याची पाळी हीदेखील स्मृती आहे. ‘अस्तु’ने दाखविलेली वाट पंडिताच्या घराबाहेरही जाते, हेच त्या कृतीचे सामर्थ्य होय.