पाचवं आर्ग्युमेंट

मोंगोडीबीच्या सी ड्रायव्हरमधलं ‘मोंगोसी_क्लायंट_रीड_कमांड_विथ_ऑप्ट्स’ हे फंक्शन नावापासूनच लांबलचक आहे. आर्ग्युमेंटं सात: क्लायंट, डेटाबेसचं नाव, कमांड, रीड प्रेफरन्स, ऑप्ट्स, रिप्लाय आणि एरर. मला त्यातलं पाचवं फार आवडतं.

सी भाषेत डीफॉल्ट आर्ग्युमेंटं नाहीत. सर्व्हरची प्रत्येक नवी सोय फंक्शनच्या कंसात घातली असती, तर दर वेळी जुना कोड कंपाइल व्हायचा थांबला असता. त्यावर इथे काढलेला तोडगा सुरेख आहे. काय करायचं ते कमांडमध्ये लिहायचं, कोणत्या अटींवर करायचं ते ऑप्ट्समध्ये. दोन्ही बीसन, म्हणजे मोंगोडीबीच्या बायनरी स्वरूपातले, दस्तऐवजच. २०१७ मध्ये मोंगोडीबी ३.६ बरोबर सेशन्स आली, तेव्हा ‘सेशनआयडी’ गुपचूप ऑप्ट्समध्ये जाऊन बसला आणि फंक्शनची सही जशीच्या तशी राहिली. काहीच अट नसेल तर नल द्या, काम चालतं.

ऑप्ट्सची खरी गोडी मराठी माहितीवर काम करताना कळते. समजा, नागपूर भागातल्या संत्र्याच्या नोंदी ठेवायच्या आहेत आणि ठिकाणांची यादी नावाच्या क्रमाने हवी आहे. ‘फाइंड’ची कमांड, तिच्यात ‘सॉर्ट’. ऑप्ट्स रिकामे ठेवले तर यादी येते ती अशी: कळमना, कळमेश्वर, कवठा. सर्व्हर नुसते बाइट्स जुळवून पाहतो. यूटीएफ-८ मध्ये या अक्षरांना तीन-तीन बाइट्स लागतात. ‘ळ’चा शेवटचा बाइट १७९, ‘व’चा १८१. त्यामुळे ‘ळ’ पुढे. पण शाळेत आपण घोकलं ते श, ष, स, ह, ळ. आता ऑप्ट्समध्ये एकच गोष्ट घाला: कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, आणि त्यात मराठीचं लोकेल ‘एमआर’. यादी बदलते: कवठा, कळमना, कळमेश्वर. कमांडमधलं एक अक्षरही न हलवता सर्व्हर आपल्या वर्णमालेने चालू लागतो. ही सोय २०१६ च्या ३.४ आवृत्तीपासून आहे. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या ‘ळ’ची जागा कुणीतरी नीट राखली, याचा मला मनापासून आनंद होतो.

कोलेशन थेट कमांडमध्येही लिहिता येतं. पण माझं मत ऑप्ट्सच्या बाजूने. सहीत कमांडच्या आधी ‘कॉन्स्ट’ आहे, म्हणजे फंक्शन तिला हात लावणार नाही याची लेखी हमी. तीच कमांड एकदा बांधून ठेवावी आणि मराठी, कोकणी, हिंदी क्रमासाठी फक्त ऑप्ट्स बदलत जावेत.

आणखी बारकाईने पाहायचं तर ऑप्ट्ससाठी रिकामा दस्तऐवज तयार करणारा ‘बीसन_इनिशियलायझर’ हा मॅक्रो उलगडून पाहा. आत तीन आकडे: ३, ५, ५. पहिला फ्लॅग्जचा: दस्तऐवज स्टॅकवर आहे आणि त्याचे बाइट्स त्याच्याच पोटात आहेत. दुसरा लांबीचा. तिसरा म्हणजे त्या बाइट्समधला पहिला. रिकामा बीसन दस्तऐवज पाच बाइट्सचा असतो आणि स्वतःची लांबी स्वतःच सुरुवातीला सांगतो. दस्तऐवज ठेवणारं अख्खं ‘बीसन_टी’ स्ट्रक्चर १२८ बाइट्सचं, त्यात माहितीला जागा १२०. आपले कोलेशनचे ऑप्ट्स त्यात आरामात मावतात, एकदाही मॅलॉक न करता. ही काटकसर मला देखणी वाटते.

रिप्लायबाबत शिस्त कडक. कमांड फसली तरी रिप्लाय भरलेला किंवा निदान रिकामा तयार असतो, आणि तो ‘बीसन_डिस्ट्रॉय’ने मोकळा करायचाच. फसल्यावर वेगळी वाट धरावी लागत नाही, म्हणून शेवटची साफसफाई एकाच ठिकाणी लिहिता येते.

या घराण्यातलं ‘रीड_राइट’ भावंड मात्र थोडं बेसूर आहे. त्यातलं रीड प्रेफरन्स कुणी वाचतच नाही, ड्रायव्हरच्या १.५ आवृत्तीत ते चुकून आलं आणि सही मोडू नये म्हणून राहिलं. दस्तऐवजीकरणात तसं स्पष्ट लिहिलंय. चूक झाकण्यापेक्षा जुन्या वापरणाऱ्यांचा कोड जपणं त्यांना महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथे नल लिहिताना माझी कुरकुर नसते.