मोजणीत न आलेले वाटसरू

पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची सीमा येथे नीरा नदीने आखली आहे. नीरा गावाजवळचा पूल ओलांडला की पाडेगाव आणि त्यापुढे काही किलोमीटरांवर लोणंद. कांद्याची बाजारपेठ, पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, या तीन गोष्टींसाठी हे गाव ओळखले जाते. सीमेवरच्या या पुलावरून किती वाहतूक होते, असे विचारले तर तयार उत्तर मिळते : रस्त्यात संवेदक बसवा, आकडे आपोआप मिळतील. आकडे मिळतात याबद्दल वाद नाही. ते कशाचे आहेत, हे न विचारताच ते स्वीकारले जातात, याला आमचा आक्षेप आहे.

सर्वांत साधे साधन घेऊ. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकतात. तिच्यावरून चाके गेली की आतल्या हवेचा दाब क्षणभर वाढतो आणि गणक एक नोंद करतो. म्हणजे नळी वाहन मोजत नाही, आस मोजते. नोंदींना दोनाने भागले की वाहने मिळतात, असे धरले जाते. मोटारीपुरते हे ठीक आहे. पण मग तीन आसांचा ट्रक दीड वाहन ठरतो आणि बैलगाडी अर्धे. नीरा खोऱ्यात उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नेहमीच दिसतो. प्रत्येक ट्रॉलीला दोन आस असतील, तर एकूण सहा आस आणि नळीच्या हिशेबाने तीन वाहने! आसांमधील अंतरावरून वाहनाचा प्रकार ओळखणारी यंत्रेही आहेत. परंतु त्यांना पुरवलेल्या यादीत असा ट्रॅक्टर नसेल, तर ती त्याला भलत्याच नावाने नोंदवणार.

दुसरे साधन म्हणजे रस्त्यात पुरलेले तारेचे वेटोळे. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो. वर धातूचे वाहन आले की त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व घटते आणि मंडलाची वारंवारता वाढते. हा बदल म्हणजे वाहनाची चाहूल. लाकडी बैलगाडीची चाहूल क्षीण, पायी चालणाऱ्याची मुळीच नाही.

सीमेवरच्या नाक्यांवर आणखी एक अडचण येते. तेथे खरा प्रश्न किती वाहने गेली हा नसून किती वेळ थांबली हा असतो. एका ठिकाणच्या तासाच्या आकड्यावरून तो सुटत नाही. प्रवाह म्हणजे घनता गुणिले वेग. तासाला पन्नास वाहने मोकळ्या रस्त्यावरून जातात आणि तुंबलेल्या रस्त्यावरूनही तेवढीच जाऊ शकतात. वेटोळे किती वेळ व्यापलेले होते हे पाहिले, तर हा फरक कळतो. थांबण्याचा काळ हवा असेल, तर तेच वाहन दोन ठिकाणी ओळखावे लागते. अमेरिका-मेक्सिको सीमेवर एल पासो येथे मालमोटारींवरील रेडिओ-खुणा वाचून हेच केले गेले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाल्याने अशा अभ्यासाची सोय झाली आहे. मात्र जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील करनाके उठले, तेव्हा वाहनांचा किती वेळ वाचला हे सांगायला आधीच्या खोळंब्याच्या नोंदी हव्यात. आधीची केवळ वाहनसंख्या त्यासाठी उपयोगी नाही.

आता लोणंदचा खास प्रश्न. ग्रामीण रस्त्यांवरील वाहनगणनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, अहोरात्र गणना करावी. एकदा सुगी आणि बाजाराच्या दिवसांत, एकदा मंदीच्या काळात, असे त्या सांगतात. जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर गणना काही दिवस पुढे ढकलावी, असेही त्या सांगतात. नेहमीची वाहतूक कळावी, हा यामागचा हेतू रास्त आहे. पण या पुलावरून दरवर्षी वारी जाते. तिथीप्रमाणे ठरलेली आणि शतकांची परंपरा असलेली घटना असाधारण कशी? संवेदक वर्षभर जागा असल्याने तो हे दिवस वगळणार नाही, हे खरे. तरीही वारीच्या वाटेवर इतर वाहने दुसरीकडे वळवली जातात आणि चालणारे लोक वेटोळ्याला दिसत नाहीत. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या दिवशी आकडा घटलेला दिसू शकतो!

१९९० च्या सूचनांत वेगवेगळी वाहने एका मापात आणण्यासाठी प्रवासी मोटार एकके दिली आहेत : मोटार १, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, सायकल ०.५, मोठी बैलगाडी ८. पादचाऱ्याला या कोष्टकात स्थान नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या आराखड्यात दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग आहे. या कोष्टकातील कोणत्याही बेरजेतून तो निघाला नसता. लोकांना वारी ठाऊक होती, म्हणून तो आला.

संवेदक टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ नाही. रात्री तीन वाजता पावसात माणूस मोजणीला बसेल आणि चुकणार नाही, असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे एवढेच की, आकड्याबरोबर साधनाची मर्यादाही छापली जावी आणि पादचाऱ्यांची गणना वेगळी व्हावी.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज आणता येईल. शाळेच्या कुंपणाच्या आत, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर मुलांचे तीन गट बसवावेत. पंधरा मिनिटे एका गटाने आस मोजून दोनाने भागावे, दुसऱ्याने वाहने मोजावीत, तिसऱ्याने चालणारी माणसे. पहिल्या दोन उत्तरांतील तफावत कोणत्या वाहनांमुळे आली, हे मुलांनाच शोधू द्यावे. मग विचारावे : तिसऱ्या गटाची वही हरवली असती, तर या रस्त्याबद्दल आपण काय लिहिले असते?