'अस्मानी' : लेक नव्हे, चुलत

आपल्या मंडळात अलीकडे वाचल्या गेलेल्या एका टिपणात 'अस्मानी' या रंगनामाचं मूळ संस्कृत 'अश्मन्' असं दिलं आहे. टिपण कष्टाने लिहिलेलं आहे, लुगड्यांच्या रंगांची यादी तर फारच छान. पण ही व्युत्पत्ती मला पटत नाही. आणि तिच्या आधारावर, इंदूर-बडोद्याकडच्या मोडी याद्यांचं लिप्यंतर करताना 'अस्मानी'ऐवजी सरसकट 'आकाशी' छापावं, ही सूचना तर धोक्याची आहे.

'अश्मन्' म्हणजे दगड, फारसी 'आस्मान' म्हणजे आकाश. दोघांचं नातं आहे, त्यात वाद नाही. अवेस्तात 'अस्मन्' हा शब्द दगड आणि आकाश अशा दोन्ही अर्थांनी येतो, कारण प्राचीन इराणी कल्पनेत आकाश हे दगडासारखं कठीण कवच होतं. पण एका आजोबांची दोन नातवंडं, म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही! मी इंजिनिअर माणूस. पाणी अमुक टाकीतून आलं म्हणायचं तर मधली पाइपलाइन दाखवा, असं मी म्हणणार. 'अश्मन्' प्राकृतातून मराठीत उतरला असता तर 'श्म'चा बहुधा 'म्ह' झाला असता. 'अस्मद्'-'युष्मद्'च्या रूपांतून आपले आम्ही-तुम्ही आले, ते याच वाटेने. 'अस्मान'मधला 'स्म' शाबूत आहे, आणि अर्थ दगडाचा नाही, आकाशाचाच आहे. म्हणजे शब्द तयार होऊन फारसीतून आला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही त्यावर फारसीचीच खूण आहे.

बरं, परका म्हणून तो काढायचा, तर अस्मानी-सुलतानीचं काय करणार? कुस्तीत अस्मान दाखवतात, आकाश दाखवलं असं कुणी म्हणत नाही.

शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला इथे देतात, तोही लागू नाही. त्या कोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण मूळ शब्द शेजारी ठेवून. लिप्यंतरात तो शेजार राहत नाही. आंदणाच्या एखाद्या यादीत 'अस्मानी' आणि 'आकाशी' दोन्ही आले, तर त्या दोन छटा होत्या की लिहिणारे हात दोन, हे तपासायची वाटच बंद होते. कागदावर 'अस्मानी' असेल तर 'अस्मानी'च छापा. अर्थ हवा तर तळटीपेत द्या.